मुठीतली माती (भाग 6) : वालाच्या मुळांवरच्या गाठी

पेणजवळच्या एका खाचरात, भात कापून झाल्यावर पेरलेल्या वालात आम्ही उभे होतो. शेत ज्यांचं, त्या काकींनी एक रोप उपटून माझ्यापुढे धरलं. "मुळांना फोड आलेत बघा. फवारणी करू का?" मी एक गाठ बोटाने चोळली, ती सहज सुटून आली. नखाने चिरली तर आतून गुलाबी, जवळजवळ लाल. काकींना म्हटलं, फवारणी नको, हे तुमच्या शेतातले गडी आहेत.

सूत्रकृमींच्या गाठी वेगळ्या असतात. त्यात मूळच सुजतं, चोळून गाठ निघत नाही. ही ओळख शेतावर गेलेल्या प्रत्येकाला असायला हवी, कारण नको ते औषध बऱ्याचदा अशाच गैरसमजातून जमिनीत पडतं.

गाठीत राहतात रायझोबियम कुळातले जिवाणू. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण कोणत्याही पिकाला ते थेट घेता येत नाही. हे जिवाणू ते पकडून झाडाला पचेल अशा रूपात देतात, आणि वाल त्यांना बदल्यात साखर पुरवतो. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीच्या द्रव्याचा. नत्र बांधणारं विकर प्राणवायूने बिघडतं, पण जिवाणूंना श्वासापुरता तो हवाच असतो. हे द्रव्य तो मोजून पोहोचवतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तिथे काम सुरू झालेलं नाही किंवा संपलेलं आहे. म्हणून तपासणी वालाच्या शेंगा भाजायला पोपटीची मडकी चढायच्या आधी करावी, पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी. शेंगा भरू लागल्या की झाडाची साखर तिकडे वळते आणि गाठी म्हाताऱ्या होतात.

1888 मध्ये जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी गाठींचं हे काम सिद्ध केलं. त्याच वर्षी हॉलंडच्या बायरिंक यांनी जिवाणू वेगळे करून वाढवले.

मग दुकानातून जिवाणूंचं पाकीट कशाला आणायचं, गडी शेतात आहेतच ना? आहेत, पण पावसाळाभर पाणी साचलेल्या चिखलात हवेवर जगणाऱ्या या जिवाणूंची संख्या रोडावते. उरलेले सगळेच कामसू असतात असंही नाही. म्हणून पेरताना बियाण्याला चांगल्या वाणाचं विरजण लावायचं. वाल चवळीच्या गटात मोडतो, तेव्हा चवळी गटाचंच रायझोबियम मागा. सोयाबीनचं पाकीट वालाला लावून भरवसा ठेवू नका. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा, त्यात ते कालवून बियांना हलक्या हाताने चोळा. साल निघता कामा नये. सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

पाकिटात जीव आहे, हे विसरलं की सगळं वाया जातं. एका दुकानात मला पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या झळीत ठेवलेली, मुदत उलटलेली पाकिटं विकली गेली. ती मीही तारीख न बघता घेतली आणि त्या वर्षी मुळं जवळजवळ कोरी निघाली. तेव्हापासून तारीख वाचल्याशिवाय पैसे देत नाही. रोह्यात किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. कोणतं पाकीट घ्यावं, ही चौकशी पेरणीच्या आधी तिथे करावी.

युरियाचा हात मात्र आखडता ठेवा. नत्र आयतं मिळालं की रोप गाठींना पोसत नाही. आणि काढणीला वाल उपटण्याऐवजी विळ्याने कापा. बरंचसं नत्र दाण्यात जातं हे खरं, पण मुळांत उरलेलं तरी पुढच्या भाताला खाचरातच राहील.

खारेपाटात, म्हणजे खाऱ्या जमिनीत, हे गणित बदलतं. मीठ वाढलं की या गाठी धरणंच अवघड होतं. पुढच्या आठवड्यात आधी राबाच्या भाजणीत रोपवाटिकेच्या मातीचं काय होतं ते पाहू, मग भाताची मुळं अॅझोस्पिरिलमच्या पाण्यात का बुडवतात त्याकडे वळू.