टीव्हीचं चित्र फुटतंय? बॉक्स बदलण्याआधी फायबर तपासून घ्या

वराळे (ता. मावळ) : टीव्हीचं चित्र चौकोनी तुकडे होऊन अडकलं की पहिला संशय सेट-टॉप बॉक्सवर जातो. पण घरात फायबरची लाईन असेल तर नव्या बॉक्सला पैसे मोजण्याआधी लाईन तपासून घ्या.

फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यातून वीज नाही, उजेड येतो. घरातल्या छोट्या डब्यात त्याचा टीव्हीचा सिग्नल होतो. इंटरनेटपेक्षा टीव्हीला सहसा जास्त उजेड लागतो. म्हणून कधी नेट चालू, टीव्ही बंद असंही होतं.

तपासणी कशी?
केबलवाल्याला घरात आलेल्या टोकाला ‘पॉवर मीटर’ लावायला सांगा. आकडा ‘डीबीएम’मध्ये येतो. तो ३ ने घसरला तर उजेड निम्मा, १० ने घसरला तर दहावा हिस्सा. आकडा डब्याच्या मर्यादेत असेल तर दोष बहुधा घरातच. कमी असेल तर दोष बाहेर : जोडावर धूळ, वायरला घट्ट वळण किंवा पावसात फांदी पडून बसलेला ताण.

तार नेमकी कुठे तुटली, हे ‘ओटीडीआर’ यंत्र सांगतं. ते उजेडाचा ठोका सोडतं आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतं. काचेतून उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो.

हे लक्षात ठेवा
सुटलेल्या टोकात डोकावू नका. हा उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लाईन नीट चालू असतानाचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या तक्रारीला तोच पुरावा.