लीना बो बार्दी : मोकळ्या जागेचे मोल ओळखणाऱ्या वास्तुविशारद

ब्राझीलमधील साओ पावलो शहराच्या पाउलिस्ता मार्गावरील कलासंग्रहालय पाहताना ही इमारत जमिनीला टेकलेलीच नाही, असा भास होतो. काँक्रीटच्या चार प्रचंड खांबांवर, जमिनीपासून सुमारे आठ मीटर उंचीवर तिचा मुख्य भाग तोललेला आहे. खाली सुमारे ७० मीटर लांबीची, मध्ये एकही खांब नसलेली मोकळी जागा आहे. १९६८ मध्ये लष्करी राजवटीच्या काळात खुले झालेले हे आवार पुढे शहरातील सभा आणि निदर्शनांचे हक्काचे ठिकाण बनले. शहरात सर्वांसाठी जागा राखणारी ही रचना एका स्थलांतरित स्त्रीची आहे.

लीना बो बार्दी यांचा जन्म १९१४ मध्ये रोममध्ये झाला. तेथेच वास्तुकलेचे शिक्षण घेऊन त्या मिलानला गेल्या. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात त्यांचे कार्यालय नष्ट झाले. १९४६ मध्ये कलासमीक्षक पती पिएत्रो मारिया बार्दी यांच्यासह त्या ब्राझीलमध्ये आल्या आणि १९५१ मध्ये तेथील नागरिक झाल्या.

साओ पावलो विद्यापीठात त्यांनी वास्तुकला शिकविली. वास्तुकलेच्या अध्यापनावर १९५७ मध्ये प्रबंधही लिहिला. कायमचे पद मात्र त्यांना मिळाले नाही. नंतर त्यांचे अध्यापन बांधकामाच्या जागीच बहरले.

ईशान्येकडील साल्वादोर शहरात त्यांनी पोर्तुगीज काळातील एका जुन्या वसाहतीच्या इमारती दुरुस्त करून संग्रहालयासाठी सिद्ध केल्या. तेथील लाकडी जिन्याचे सांधे त्यांनी बैलगाडीच्या जोडकामावरून घेतले; त्यात खिळा नाही. गावच्या कारागिराचे ज्ञान आधुनिक वास्तूच्या पायाशी असावे, हा त्यांचा आग्रह होता. १९६४ च्या लष्करी उठावानंतर साल्वादोरमधील हे कार्य थांबले. पोर्तुगीज काळातील वास्तूंचे करायचे काय, हा प्रश्न जवळून अनुभवणाऱ्या गोव्यातील वाचकांना हा जिना विशेष बोलका वाटेल.

त्यांच्या विचाराची खरी कसोटी १९७७ नंतर लागली. साओ पावलोच्या पोम्पेया भागातील पिंपे बनविणारा जुना कारखाना क्रीडा व संस्कृती केंद्रात रूपांतरित करायचा होता. लीना तेथे गेल्या, तेव्हा शेडमध्ये मुले चेंडू खेळत होती, कुटुंबे वेळ घालवीत होती. लोकांनी आधीच आपलासा केलेला तो कारखाना त्यांनी पाडला नाही. भूमिगत ओढ्यावर बांधकाम करता येत नव्हते. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे मनोरे उभारून ते वरच्या वर पुलांनी जोडले. त्यांनी कार्यालय बांधकामाच्या जागीच थाटले होते. मार्सेलो फेराझ, आंद्रे वाइनेर हे तरुण सहकारी तेथेच घडले.

१९९२ मध्ये लीना यांचे निधन झाले. कलासंग्रहालयातील चित्रे त्यांनी काचेच्या उभ्या फलकांवर लावली होती. प्रेक्षकाने भिंतीच्या आधाराविना, हव्या त्या क्रमाने चित्रांमधून फिरावे, ही त्यामागील कल्पना होती. १९९० च्या दशकात ते फलक हटविले गेले. २०१५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. २०२१ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनाने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव सुवर्णसिंह दिला. तोवर पाउलिस्ता मार्गावरील त्या मोकळ्या जागेत साओ पावलोकरांच्या दोन पिढ्या वावरल्या होत्या.