जुन्या मोटारहोममधील कन्व्हर्टर आणि बॅटरीचे आयुष्य

ज्यांच्या दुकानात अथवा घरी इन्व्हर्टर बसविलेला आहे, त्यांस बॅटरीत वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते हे सांगावयास नको. तीच शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी अमेरिकेतील मोटारहोम नामक फिरत्या घरांतही असते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या आप्तेष्टांपैकी कोणी हौसेने अशी जुनी गाडी घेतलीच, तर वारंवार नवी बॅटरी घेण्याचा भुर्दंड कशामुळे पडतो हे त्यास उमगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

जनरल मोटर्स कंपनीने 1973 ते 1978 या काळात बांधलेली जी. एम. सी. मोटारहोम हे अशा गाड्यांचे प्रसिद्ध उदाहरण होय. हौशी मंडळी आजही त्या जपून वापरतात. अशा गाडीतील दिवे, पाण्याचा पंप व हवा गरम करणाऱ्या शेगडीचा पंखा 12 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. परंतु मुक्कामाच्या तळावर खांबातून मिळणारी वीज 120 व्होल्टची, उलटसुलट वाहणारी. ती 12 व्होल्टवर आणून एकदिश करणारे यंत्र म्हणजे कन्व्हर्टर. इन्व्हर्टर याच्या नेमके उलट काम करतो. दोन्ही गाडीत असतील आणि इन्व्हर्टरची वीज चुकून कन्व्हर्टरलाच पोहोचली, तर बॅटरी स्वतःलाच भरू पाहते. आपल्याच पेढीतून कर्ज काढून आपल्याच पेढीत ठेव ठेवावी तसा हा व्यवहार. मधली तूट मात्र खरी!

जुन्या कन्व्हर्टरचे मूळ काम दिवे लावणे हे होते; बॅटरी भरणे हे जाता जाता करावयाचे काम. म्हणून काही यंत्रांत बॅटरीच्या वाट्याला जेमतेम चारपाच अँपिअर येत आणि शंभर अँपिअर-तासांची रिकामी बॅटरी भरण्यास दिवस-रात्र उलटून जाई. त्या काळची पुष्कळशी यंत्रे लोखंडी गाभ्याच्या जड ट्रान्सफॉर्मरची व कपॅसिटरची असत. त्यांच्या सततच्या गुणगुणीमुळे जी. एम. सी.च्या मालकांनी त्यांस ‘बझ बॉक्स’ असे नावच दिले. ती दणकट खरी, परंतु त्यांचा व्होल्टेज विजेच्या वारंवारतेवर अवलंबून असे. अमेरिकेतील वारंवारता 60 हर्ट्झ. गाडीतील जनित्र जरा जोराने फिरू लागले की बॅटरीवरचा दाबही वाढे.

पुढे आलेल्या अनेक यंत्रांत सुमारे 13.8 व्होल्टचा एकच दाब कायम ठेवलेला असे. वरवर पाहता हे सोयीचे वाटते. दुखणे मात्र येथेच आहे. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.7 व्होल्ट दाखविते, निम्मी रिकामी झालेली साधारण 12.1. रिकामी बॅटरी नीट भरावयाची तर दाब काही तास 14.4 च्या आसपास न्यावा लागतो. एरवी प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर राहून घट्ट होतो व बॅटरीची धारणशक्ती घटते. उलट भरून झाल्यावर दाब 13.2 ते 13.6 इतका उतरवावा लागतो. तो चढाच राहिल्यास पाण्याचे विघटन होऊन ते उडून जाते. म्हणजे 13.8 हा आकडा भरताना अपुरा आणि भरल्यावर महिनोन् महिने ठेवावयास जास्त! गाडी अंगणात वीज जोडून ठेवणाऱ्या मालकाची बॅटरी उन्हाळ्यात कोरडी पडते ती यामुळेच. बिचारा बॅटरी विकणाऱ्यास दोष देतो.

परीक्षा अगदी सोपी आहे. बॅटरी काही तास मोकळी ठेवून व्होल्टमीटरने मोजावी, मग तळाची वीज जोडून पुन्हा मोजावी. आकडा चढलाच नाही तर प्रथम कन्व्हर्टरवरील फ्यूज पाहावेत. बॅटरीच्या तारा कोणी उलट जोडल्या असतील तर ते जळालेले सापडतात. चढला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. भरलेल्या बॅटरीवर तो 13.8 वरच अडून असेल तर यंत्र जुन्या धाटणीचे. बॅटरी गरम लागत असून आकडा 14.5 च्या वर टिकून राहिला, तर वीज तत्काळ तोडावी. अशा वेळी निघणारा हायड्रोजन वायू एका ठिणगीने पेट घेतो.

अशा गाडीत बॅटरीआधी कन्व्हर्टर बदलावा. दाब टप्प्याटप्प्याने बदलणारी हलकी इलेक्ट्रॉनिक यंत्रे सहज मिळतात. बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या दशमांश ते पंचमांश इतक्या अँपिअरचे यंत्र पुरेसे होते. तारेत मात्र काटकसर नको. बारीक तारेत अर्धा व्होल्ट गळाला तर नव्या यंत्राचा निम्मा गुण तेथेच संपला. ते बॅटरीजवळ असावे, पण तिच्याच बंद पेटीत नव्हे. लिथियमची बॅटरी घालावयाची असल्यास तर जुने यंत्र मुळीच ठेवू नये. ती मिळेल तेवढा प्रवाह खेचून घेते व दुबळे यंत्र तासन् तास पूर्ण भाराखाली तापत राहते.

जुना बझ बॉक्स काढताना तळाची वीज व बॅटरी दोन्ही तोडावीत. तरीही आतील कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका दाब काही काळ शिल्लक असू शकतो. ज्यास या कामाची सवय नाही त्याने झाकण उघडण्याच्या भरीस न पडता जाणत्या वायरमनला बोलवावे.