चित्राआधी फाटणारा कागद

फ्रेमच्या नव्या फॅशनवर लिहायला संपादकांनी पाठवलं होतं. गिरगावातल्या एका फ्रेमच्या कारखान्यात भिंतभर पट्ट्या टांगलेल्या होत्या, सागवानी, काळ्या, सोनेरी वर्खाच्या. माझी नजर मात्र अडकली टेबलाशी बसलेल्या कारागीर मामांच्या हातातल्या जपानी कागदाच्या चिटोऱ्यावर.

फ्रेम आणि चित्रकला यांची मुंबईतली सोयरीक जुनी. केकू गांधी यांनी १९४१ साली 'केमोल्ड' हा फ्रेमचा व्यवसाय सुरू केला. तिथल्या शोरूममध्ये तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं लागू लागली आणि १९६३ मध्ये जहांगीर कला दालनाच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. इतिहास एवढा पुरे. मामांचं काम सुरू झालं होतं.

मामा चित्र चिकटवत नाहीत, टांगतात. जपानी कागदावर ओल्या ब्रशनं रेघ ओढून तो हातानं फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे होतात आणि चित्रावर वळ उमटत नाही. खळ गव्हाच्या चिकाची, कुरडयांना लागतो तोच चीक. अशा दोन पट्ट्या फक्त वरच्या कडेला. बाकी चित्र मोकळं. पावसाळ्यात कागद फुगतो, नंतर आकसतो. चारही बाजू डकवल्या तर त्याला हलायला जागा उरत नाही आणि लाटा येतात.

"आणि फ्रेम पडली तर?"

"तर ही पट्टी फाटली पाहिजे, ताई. चित्र नाही."

म्हणून पट्टी मुद्दाम चित्राच्या कागदापेक्षा कमजोर घ्यायची. खळही अशी, की उद्या कुणाला चित्र सोडवायचं झालं तर थोड्या ओलाव्यानं सुटावी.

वरचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची आतली चौकट, सुती लगद्याचा, आम्ल नसलेला. त्याची खिडकी पंचेचाळीस अंशांत कापलेली छान दिसते, पण त्याचं खरं काम काच चित्रापासून दूर ठेवण्याचं. दमट हवेत काचेला आतून घाम येतो. टेकलेला फोटो तिला कायमचा चिकटतो.

हे सगळं बिघडतं कसं, ते शेजारच्या टेबलावर दिसलं. दुरुस्तीला आलेलं एक जलरंगचित्र उघडून ठेवलं होतं. मागे हार्डबोर्ड, कडांना पिवळा पडलेला सेलोटेप, कोपऱ्यात कसरीनं कुरतडलेलं. स्वस्त माउंटमधल्या आम्लानं खिडकीच्या कडेनं तपकिरी चौकट भाजून काढली होती. आकाशाचा निळा रंग तर जवळपास गेलाच होता. अतिनील किरण अडवणारी काच बसवली तरी दिसणारा उजेड आत येतोच, आणि उडालेला रंग परत येत नाही. ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबराच्या गुंड्या लावा, हे मामा प्रत्येकाला सांगतात. ऐकणारे थोडे.

खरी अडचण व्यवहाराची आहे. गिऱ्हाईक सोनेरी पट्टीला पैसे मोजतं आणि आतल्या माउंटवर घासाघीस करतं. साधा पुठ्ठा घातला तरी फ्रेम पहिल्या दिवशी तशीच देखणी दिसते. फरक कळेपर्यंत वर्षं जातात, तोवर पावतीही हरवलेली असते. म्हणून मामा मागची बाजू बंद करण्याआधी तिचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवतात. बहुतेकांचं उत्तर एकच येतं: "पुढून कशी दिसते ते पाठवा ना."