पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना

भोर तालुक्यांतील उत्रोलीसारख्या गांवीं लावणीपासून झोडणीपर्यंत बाईचे हात भातशेतींत गुंतलेले असतात. गर्भाशयांतील गांठी वाढल्या आणि पोट उघडून तें काढण्याची पाळी आली, म्हणजे तिला भोरच्या किंवा पुण्याच्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. भूल उतरल्यावर सुरू होणारी वेदना मुकाट्यानें सोसणें हा अनेकींना आपला धर्मच वाटतो. परंतु हें सोसणें प्रकृतीस घातक आहे. टांका दुखतो म्हणून जी खोकत नाहीं, तिच्या फुप्फुसांत कफ सांचतो. जी अंथरुणावर निश्चल पडून राहते, तिच्या पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

वेदना शमविण्याचे मार्ग अनेक आहेत. अफूपासून निघणारें मॉर्फीन प्रभावी खरें. पण त्यानें मळमळतें, आंतड्यांची हालचाल मंदावते आणि मात्रा अधिक झाल्यास श्वासही मंद होतो. पाठीच्या कण्यांत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून बधिर करणारें औषध सोडण्याच्या पद्धतीस एपिड्यूरल म्हणतात. हिनें हालचालीच्या वेळची कळही आटोक्यांत राहते व आंतडीं लवकर कामास लागतात. मात्र रक्तदाब उतरतो, पाय जड होतात, आणि रात्रंदिवस जाणत्या माणसाची देखरेख लागते. २००१ सालीं एक निराळा मार्ग पुढें आला. त्यांत पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्यें औषध टोंचून तेथील मज्जातंतू बधिर करतात. पाय मोकळे राहतात. पण एका टोंचणीचा गुण कांहीं तासच टिकतो, व आंतील अवयवांची कळ त्यानें थांबत नाहीं.

मग श्रेष्ठ मार्ग कोणता? एकटा कोणताच नव्हे. पॅरासिटॅमॉल व सूज उतरविणारें औषध ठरल्या वेळीं द्यावें, त्यास बधिरतेची जोड द्यावी, आणि मॉर्फीन उरलेल्या कळेपुरतें राखावें, असा आजचा प्रघात आहे. मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरांत व्रण असलेल्या स्त्रीनें तें आधींच सांगितलें पाहिजे. सूज उतरविणारें औषध तिला अपाय करूं शकतें.

एक गोष्ट मात्र घरच्या माणसांच्या हातची आहे. "दुखतें का?" या प्रश्नास बाई बहुधा "नाहीं" म्हणते. त्याऐवजीं "खोकतां येतें का? कुशीवर वळतां येतें का? चार पावलें चालवतें का?" असें विचारावें. हें जमत नसेल, किंवा कळ उतरण्याऐवजीं वाढत असेल, तर परिचारिकेस तत्काळ सांगावें. वाढती कळ आंतील बिघाडाची सूचना असूं शकते. सोसल्यानें जखम लवकर भरत नाहीं. सांगितल्यानें मात्र उपाय होतो.