नॅस्टर्शियम : अल्पसंतुष्ट फुलझाड

पुष्कळ घरांतून एक वाक्य ऐकूं येतें : "आमच्या हाताला झाडें लागत नाहींत." कुंडींत भरपूर शेणखत घालावें, दोन्ही वेळां पाणी घालावें, आणि तरीहि फूल म्हणून दिसूं नये, असा अनुभव दोनतीनदां आला म्हणजे माणूस नाउमेद होतो आणि सज्जांतली कुंडी कायमची रिकामी राहते. अशा मंडळींसाठीं मी आज नॅस्टर्शियम या फुलझाडाविषयीं चार शब्द सांगणार आहें. याची निगा सोपी आहे. मात्र ती नेहमींच्या निगेच्या उलट आहे.

हें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतलें. बागांतून हल्लीं दिसणारी त्याची मोठी जात १७ व्या शतकाच्या अखेरीस युरोपांत पोंचली. नॅस्टर्शियम हें नांव खरें पाहतां मोहरीच्या कुळांतल्या, पाण्यांत वाढणाऱ्या एका तिखट पालेभाजीचें. नाक मुरडावयास लावणारी, असा त्या लॅटिन शब्दाचा अर्थ सांगतात. या झाडाचें पान तसेंच झणझणीत लागल्यामुळें तें नांव यालाहि चिकटलें. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानें याला ट्रोपिओलम असें शास्त्रीय नांव दिलें. त्याचा संबंध विजयचिन्हाशीं आहे. वाटोळीं पानें त्याला ढालींसारखीं आणि फुलें शिरस्त्राणांसारखीं भासलीं.

पान हातीं घेऊन पाहावें. देठ कडेला नसून पानाच्या जवळजवळ मध्यावर जोडलेला असतो, आणि अळवाप्रमाणें यावरहि पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात. वेलाच्या जातींत हे देठच आधाराला विळखा घालून वर चढतात. फूल पिवळें, नारिंगी किंवा तांबडें असून त्याच्या मागें एक लांब शेपटी असते. तींत मध सांठतो.

आतां लागवडीकडे वळूं. थंड देशांतल्या पुस्तकांत हें बीं वसंत ऋतूंत पेरावें असें लिहिलेलें असतें, कारण तेथें हिंवाळ्यांतल्या दहिंवरानें झाड मरतें. महाराष्ट्रांतील सपाटीवर मात्र वसंतामागोमाग कडक ऊन येतें, आणि तें याला सोसत नाहीं. म्हणून आपण पाऊस संपतांच, दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरणी करावी. बीं वाटाण्याएवढें व सुरकुतलेलें असतें. तें रात्रभर पाण्यांत भिजवून, जेथें वाढवावयाचें तेथेंच अर्धा ते पाऊण इंच खोल पेरावें. याचीं मुळें नाजूक असल्यामुळें रोप उपटून दुसरीकडे लावणें त्याला मानवत नाहीं. दहा इंची कुंडींत तीन बिया टाकून पुढें जोमदार असें एकच रोप ठेवावें. वाफ्यांत दोन रोपांमध्यें फूटभर अंतर सोडावें. साधारण आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतो, आणि दीडदोन महिन्यांनीं फुलें येऊं लागतात.

मुख्य गोष्ट खताची. खतांतील नत्रामुळें पाला वाढतो. खत अधिक झालें कीं हें झाड सारी शक्ति पानांत खर्चतें, आणि फुलें पानांखालीं दडतात किंवा येतच नाहींत. यासाठीं दोन भाग साधी माती व एक भाग वाळू एवढेंच मिश्रण पुरे, शेणखत नको. कुंडीच्या भोंकावर खापरीचा तुकडा ठेवावा, म्हणजे पाणी तुंबत नाहीं. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घालावें. ऊन निदान चारपांच तास मिळावें. पानें ताटाएवढीं आणि फूल एकहि नाहीं, असें झालें तर झाड उन्हांत सरकवावें आणि खताचा हात आंखडावा.

कोंवळ्या शेंड्यांवर काळा मावा पडतो. तो पाण्याच्या जोरदार धारेनें धुऊन काढावा. मोहरीच्या जातीचें गंधकयुक्त तिखट द्रव्य याच्या अंगीं असल्यामुळें कोबीवरचीं पांढरीं फुलपांखरेंहि येथें अंडीं घालतात. त्यांच्या अळ्या हातानेंच वेंचाव्या. विषारी औषध मारलेलें नसेल तर पानें व फुलें कोशिंबिरींत घालतां येतात. चव अहळिवाच्या पाल्याची आठवण करून देते.

सुकलेलीं फुलें खुडीत गेल्यास बहर लांबतो. शेवटचीं कांहीं मात्र राहूं द्यावीं. प्रत्येक फळाचे तीन भाग होतात आणि प्रत्येकांत एक बीं असतें. तें सावलींत वाळवून कागदाच्या पुडींत ठेवावें. उन्हाळ्यांत झाड वाळलें तर हळहळूं नये. त्याचा हंगाम तेवढाच.

शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसाला एवढें ठाऊक असतें कीं, सर्व मुलांना एकच शिस्त लागू पडत नाहीं. गुलाब भरपूर खत मागतो. हें झाड मागत नाहीं. रिकामी कुंडी घरांत असेल तर येत्या दसऱ्याला घरांतल्या एखाद्या मुलाच्या हातानें तींत तीन बिया टाकवाव्या, आणि खताची पाटी दूर ठेवावी.