गिरिभ्रमण : जुन्नर–आंबेगाव परिसर

डोंगरवाटांनी, आवश्यक सामान पाठीवर घेऊन केलेला पायी प्रवास. दोर व खिळे यांच्या साहाय्याने कडे चढणे हे गिर्यारोहणाचे क्षेत्र असून ते यात सहसा अभिप्रेत नसते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत सुगम पायऱ्यांपासून तुटक्या कातळापर्यंत सर्व प्रकारच्या वाटा थोडक्या अंतरात आढळत असल्याने नवशिक्यांना हा परिसर सोयीचा ठरतो.

वाटा : जुन्नरला कोकणाशी जोडणारा नाणेघाट हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग होय. त्याच्या माथ्याजवळील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. शिवनेरी, हडसर, चावंड व जीवधन हे किल्ले या मार्गावर देखरेख ठेवीत. यांपैकी शिवनेरीच्या सात दरवाजांच्या पायरीवाटेने आरंभ करणे इष्ट असते. १८१८ मध्ये हे किल्ले जिंकल्यावर इंग्रजांनी चावंड व जीवधन यांच्या पायऱ्या सुरुंगाने फोडल्या. त्यामुळे तेथील चढ अवघड झाले असून जीवधनच्या नाणेघाटाकडील वाटेवर जाणकार सोबती व दोर हवा. आंबेगाव तालुक्यातील आहुपे घाटाची वाट कोकणात उतरते. भीमाशंकरच्या दाट रानात व घाटमाथ्यावर ढोरवाटा अनेक असल्याने चुकण्याचा संभव असतो. तेव्हा गावातील वाटाड्या बरोबर घेणे हिताचे.

साधने : हिमप्रदेशात पाय रुतू नये म्हणून रुंद हिमपादुका बांधतात, त्यांमुळे शरीराचा भार मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. सह्याद्रीच्या बेसाल्टी कातळावर व सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावर प्रश्न रुतण्याचा नसून घसरण्याचा असतो. म्हणून खोल नक्षीच्या रबरी तळव्याचे, घोट्याला आधार देणारे बूट निवडतात. नवे बूट आधी काही दिवस वापरून पायांत रुळवावेत. याखेरीज दोन्ही खांद्यांवर पेलणारी पाठपिशवी, काठी, टोपी, विजेरी, शिट्टी, प्रथमोपचाराचे साहित्य व माणशी किमान तीन लिटर पाणी बरोबर असावे. गडांवर खोदीव टाकी असली, तरी उन्हाळ्यात त्यांवर विसंबू नये.

ऋतुमान व दक्षता : ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल होय. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, धुक्यात वाट दिसत नाही व ओढे अकस्मात फुगतात. मार्चनंतर उष्माघाताचे भय असते. कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असल्यामुळे धूर, उग्र अत्तरे व आरडाओरड वर्ज्य करावी. उतरताना थकलेले पाय लटपटतात आणि पुष्कळ अपघात त्याच वेळी घडतात. यासाठी दिवस मावळण्यापूर्वी पायथा गाठता येईल अशा बेताने परतीची वेळ आधीच ठरवून ती पाळावी. ऋतूची निवड चुकली किंवा परतीस उशीर झाला, तर उत्तम साधनेही अपुरी पडतात.